जुन्या गाडीचं सस्पेंशन आणि बाजारातले पार्ट: मुंबईकर मालकांचे नेहमीचे प्रश्न

माझ्याकडे १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे. ती माहीमला, समुद्राच्या वाऱ्यात उभी असते. गेली काही वर्षं रॅलीच्या पार्किंगमध्ये, गॅरेजच्या बाकड्यावर आणि रात्री साडेदहाच्या फोनवर लोक मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोप्यापासून अवघडाकडे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आफ्टरमार्केट म्हणजे डुप्लिकेटच ना?

नाही. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातून न येणारा कुठलाही पार्ट आफ्टरमार्केट. दुसऱ्याच्या नावाचं खोटं खोकं छापून विकलेला तो डुप्लिकेट. मुंबईत १९६१ मध्ये सुरू झालेली गॅब्रिएल इंडिया गाडी बनवणाऱ्यांनाही शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) देते आणि तेच नाव लावून दुकानातही विकते. तो माल डुप्लिकेट कसा म्हणायचा? शिवाय पद्मिनीवाल्यांना निवडच उरलेली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची थांबली त्याला दोन दशकांहून जास्त काळ लोटला. आज ‘कंपनीचा’ म्हणून मिळतो तो कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला जुना साठा, आणि त्याची वेगळी भानगड आहे (प्रश्न ८).

२. माझ्या गाडीत नक्की काय आहे? मिस्त्री प्रत्येक वेळी वेगळं सांगतो.

पद्मिनीला पुढे चाक धरणारे दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ ॲक्सल आणि पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. अँबेसेडरला पुढे कॉइल नाहीच, टॉर्शन बार म्हणजे पिळणारी लोखंडी कांब आहे, मागे पाटे. टॉर्शन बार उतरवलात तर डावा-उजवा खुणा करून ठेवा. ते एकाच बाजूला पिळायची सवय लागलेले असतात, अदलाबदल चालत नाही. १९८३ च्या पहिल्या मारुती ८०० ला मागे पाटे होते, १९८६ च्या नव्या मॉडेलला कॉइल आले. त्यामुळे नुसतं ‘आठशेचं द्या’ म्हणून पार्ट मागू नका, वर्ष सांगा. स्टँडर्ड हेराल्डचं सगळंच निराळं, तिला स्वतंत्र उत्तर दिलं आहे (प्रश्न १५).

३. गाडी खडखडते. शॉकअप गेले का?

बहुतेक वेळा नाही. खडखड, कटकट हा बुशचा (सांध्यातल्या रबरी नळीचा), शॅकलचा (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या दुव्याचा) किंवा किंग पिनचा (ज्या पिनभोवती पुढचं चाक वळतं त्याचा) आवाज असतो. शॉकअप गेला की गाडी आवाज करत नाही, डुलते. गतिरोधकावरून उतरल्यावर एकदा खाली जाऊन वर येऊन थांबली तर ठीक. होडीसारखी तीनचार वेळा हलली तर शॉकअप संपला. गाडीचा कोपरा दाबून सोडायची चाचणी मागच्या पाट्यांवर फसवते. गंजलेले पाटे एकमेकांवर इतके घासतात की मेलेला शॉकअपही जिवंत वाटतो. शॉकअपच्या अंगावर तेलाची पुसट ओल असेल तर घाबरू नका. थेंब ओघळत असेल तर बदला. किंग पिनसाठी चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली धरून हलवा. ढील हाताला कळते.

४. बदलल्यावर खरंच फरक पडतो, की मनाचं समाधान?

पडतो, पण लोकांना वाटतं तिथे नाही. गाडी नव्या गाडीसारखी मऊ होईल ही आशा सोडा. फरक ब्रेक मारताना कळतो: नाक कमी डुबतं, चाक रस्त्याला धरून राहतं. टायर एकाच कडेने खाल्ले जायचे थांबतात. माझ्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये ढील होती म्हणून मी स्टिअरिंग बॉक्स दोनदा उघडायला लावला. पुढच्या आर्मचे बुश बदलले तेव्हा कळलं की बॉक्स बिचारा निर्दोष होता.

५. बुश रबराचे घ्यावे की पॉलीयुरेथेनचे?

या प्रश्नावर सज्जन माणसं हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. आधी दोघांची कामाची पद्धत बघा. रबराचा बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो. चाक वर-खाली झालं की रबर स्वतः पिळतं आणि परत येतं. पॉलीयुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, बुश पिळत नाही, आतल्या नळीवर घसरत फिरतो. म्हणून त्याला ग्रीस लागतं. ते वाळलं की तो जुन्या पलंगासारखा करकरतो. कडकपणातही फरक आहे: ‘शोअर ए’ या कडकपणाच्या मापात रबर साधारण ५५ ते ७०, पीयू ८० ते ९५.

‘पीयू कधी फाटत नाही’ हे विकणाऱ्याचं वाक्य बरचसं खरं आहे, एक अट वगळून. पीयू दोन जातींचं असतं. पॉलिएस्टर जातीचं दमट उष्णतेत हळूहळू पाणी शोषून आतून भुसभुशीत होतं, पॉलिइथर जातीचं टिकतं. मुंबईच्या हवेत हा फरक पुस्तकी राहत नाही. दुकानदाराला जात विचारा. त्याला माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा.

आता माझं मत. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे. बुशने न गिळलेला दणका पुढे जातो कुठे? हँगरच्या (पाटे टांगतात त्या जागेच्या) आणि आर्मच्या बोल्टाजवळच्या पत्र्यात, जो चाळीस-पन्नास वर्षांचा आहे आणि आतून किती उरलाय हे कुणालाच ठाऊक नाही. बुश हा झिजून मरण्यासाठीच बनवलेला भाग. तो टिकला आणि पत्रा चिरला तर आपण काय कमावलं? म्हणून आर्मचे बुश मी रबराचेच घालतो. पाट्यांच्या शॅकलला आणि अँटी-रोल बारला (वळणात गाडी कलू न देणाऱ्या कांबेला) पीयू चालतं, कारण तिथे हालचाल एकाच दिशेची असते. जो आर्म दोन-तीन दिशांना वळतो तिथे कडक पीयू अडकतं आणि आर्मलाच ताण देतं. चेसिसवर उभी असलेली, ताजी बांधलेली गाडी असेल आणि रविवारी पहाटे बोरघाटात पळवायची असेल, तर पीयूबद्दल माझं काही म्हणणं नाही.

६. मुंबईत पार्ट किती टिकतात? किलोमीटरमध्ये सांगा.

किलोमीटरमध्ये सांगणारा माणूस एकतर विकतोय किंवा गाडी चालवत नाही. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणारी गाडी कुलाब्यात उघड्यावर उभी असेल तर तिचे पार्ट ठाण्यात बंद गॅरेजमध्ये राहणाऱ्या गाडीच्या आधी जातात. खारा वारा स्प्रिंगच्या बैठकीत आणि शॉकअपच्या दांड्यावर बसतो. दांड्यावर गंजाचा एक टिपका आला की तो प्रत्येक हेलकाव्याला सील ओरबाडतो, मग तेल गेलंच. पेव्हर ब्लॉकचे पट्टे हे दुसरं दुखणं. मोठा खड्डा माणूस टाळतो. पेव्हरची बारीक थरथर कुणी टाळत नाही, आणि बॉल जॉइंट (गोळीवर फिरणारे सांधे) तिनेच ढिले होतात. तिसरं दुखणं, उभी गाडी. वर्षभर न हललेल्या गाडीचे बुश एकाच आकारात आखडतात आणि पहिल्याच लांब फेरीत चिरतात. महिन्यातून दोनदा तरी गाडी रस्त्यावर काढा, नुसतं इंजिन चालू करून उपयोग नाही.

साधारण क्रम असा दिसतो: आधी बॉल जॉइंट आणि टाय रॉडची (स्टिअरिंगपासून चाकाला जाणाऱ्या दांड्याची) रबरी टोपी फाटते, मग बुश, मग शॉकअप, पाटे आणि स्प्रिंग सगळ्यात शेवटी. टोपी फाटली त्याच आठवड्यात बदललीत तर आतला जॉइंट वाचतो.

७. पावसात तुंबलेल्या हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली. आता काय करू?

इंजिनची काळजी सगळे घेतात. सस्पेंशनकडे पाणी ओसरल्यावर त्याच आठवड्यात बघा. प्रत्येक ग्रीस निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) गन लावून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. आधी दुधाळ, पांढुरकं ग्रीस येतं, म्हणजे आत पाणी होतं. स्वच्छ रंग येईपर्यंत हात थांबवू नका. किंग पिनचं ग्रीस मारताना चाक जॅकवर हवं, नाहीतर भार असलेल्या बाजूला ग्रीस जात नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बुडालेल्या कितीतरी गाड्यांची इंजिनं उघडून धुतली गेली. किंग पिनकडे कुणी पाहिलं नाही, आणि दिवाळीपर्यंत स्टिअरिंग जड झाल्याच्या तक्रारी सुरू झाल्या.

८. जुन्या साठ्यातला सीलबंद पार्ट मिळतोय. डोळे झाकून घ्यावा?

लोखंड असेल तर घ्या. किंग पिन, टॉर्शन बार, शॅकल प्लेट, कॉइल स्प्रिंग, सगळं ठीक. रबर असेल तर नको. रबर गाडीला लागलं नाही म्हणून म्हातारं व्हायचं थांबत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचा बुश अंगठ्याने दाबा, कडेला वाकवा. बारीक रेषा दिसल्या तर ती शोभेची वस्तू. शॉकअपचं सीलही रबराचंच, त्यामुळे जुन्या साठ्यातला शॉकअप हा जुगार आहे.

९. माल कुठे मिळतो आणि चांगला कसा ओळखायचा?

ऑपेरा हाउसची गल्ली, कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि धीर असेल तर चोरबाजार. जुना पार्ट नमुना म्हणून खिशात घेऊन जा. नुसतं नाव सांगून आणलेला पार्ट परत करायला दुसरी फेरी होतेच.

दुकानात बघायच्या गोष्टी: बुशवर बोट जोरात घासा, बोट काळं झालं तर रबरात भरताड आहे. आतली नळी रबरापासून नखाने सुटतेय का पाहा. बॉल जॉइंट हातात फिरवा. तो घट्ट पण एकसारखा फिरायला हवा, मध्येच अडकणारा नको. निपल असलेला जॉइंट मिळत असेल तर बिननिपलचा घेऊ नका. ‘मेंटेनन्स फ्री’ याचा अर्थ आपल्या पावसात एवढाच की त्याला वाचवायची सोय नाही.

१०. साध्या शॉकअपऐवजी गॅसचे घातले तर?

साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकत्र असतात. सतत खड्डे आले की तेलात फेस होतो आणि शॉकअप पोकळ पडतो. गॅसच्या दाबाने फेस रोखला जातो. त्यामुळे लांब खराब रस्त्यावर फायदा नक्की आहे. पण एकनळी, जास्त दाबाचा गॅस शॉकअप गाडीला किंचित वर उचलतो आणि हलक्या पद्मिनीचं मागचं बूड दगडासारखं होतं. कमी दाबाचा दुहेरी नळीचा मिळाला तर तो आपल्या कामाचा. परदेशी जुन्या गाड्यांसाठी कोनीचे ‘क्लासिक’ शॉकअप मिळतात, त्यांची पकड कमी-जास्त करता येते. महाग आहेत, पण पैसे घालवायचेच असतील तर मी ते स्प्रिंगपेक्षा शॉकअपवर घालवीन.

एक बारीक गोष्ट. दुहेरी नळीचा नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो. बसवण्यापूर्वी उभा धरून पूर्ण ताणायचा, पूर्ण दाबायचा, असं पाच-सहा वेळा, म्हणजे आतली हवा वर जाते. हे न केल्यामुळे ‘नवा शॉकअपच खराब निघाला’ म्हणून परत आलेले मी पाहिले आहेत.

११. स्प्रिंगमध्ये घालायचे बफर मिळतात. गाडी वर येते म्हणे?

येते. कारण बफर ज्या दोन वेढ्यांमध्ये बसतो ते वेढे कामातून जातात. उरलेल्या वेढ्यांवर सगळा भार, स्प्रिंग कडक, आणि दणका थेट बैठकीवर. बसलेली स्प्रिंग बफरने बरी होत नाही, फक्त झाकली जाते. शिवाय बफरखाली चिखल साचून तिथेच गंज धरतो. गणपतीला पाच माणसं घेऊन गावी जायचंय म्हणून आठवड्यापुरते घातलेत तर मी डोळेझाक करीन. परत आल्यावर काढा.

१२. मागून गाडी बसली आहे. पाट्यांना कॅम्बर मारून (पुन्हा बाक देऊन) चालेल की नवे घ्यावे?

पाटा तुटलेला नसेल तर कॅम्बर मारून घेणं वाईट नाही, मात्र भट्टीत तापवून पुन्हा पाणी देणाऱ्याकडूनच. नुसता थंड ठोकून वाकवलेला पाटा लवकरच पुन्हा बसतो. पाटे उघडलेच आहेत तर गंज काढा, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा आणि सेंटर बोल्ट व यू-बोल्ट नवे घाला. यू-बोल्ट एकदा ताणला की संपला. दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत आवळायला विसरू नका. एक पाटा वाढवण्याचा मोह टाळा. तो ट्रकवाल्यांचा उपाय आहे, मागच्या सीटवर आजी बसणार असेल तर मुळीच नको.

आणि हो, स्प्रिंग कापून किंवा गॅसने तापवून गाडी खाली करणाऱ्यांसाठी उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. तापवलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं, स्प्रिंग तिथेच बसते किंवा तुटते.

१३. चांगल्या कंपनीचे बुश घातले, सहा महिन्यांत फाटले. फसवणूक?

हे माझ्याच गाडीला झालं, म्हणून सविस्तर सांगतो. गॅरेजचं नाव घेत नाही, माणूस प्रामाणिक होता. गाडी जॅकवर, चाकं खाली लोंबत असताना त्याने आर्मचे नट गच्च आवळले. मग गाडी जमिनीवर उतरवली. उतरताना आर्म वर गेला आणि नट आवळलेले असल्यामुळे रबर तिथेच पिळलं. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाही बुश चोवीस तास पिळलेलाच. खड्ड्यात आणखी पिळणार. सहा महिने टिकले हेच नशीब.

बरोबर पद्धत अशी: नट हाताने लावायचे, गाडी चारही चाकांवर उतरवायची, दोन वेळा दाबून हलवायची, आणि गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असताना खाली झोपून आवळायचं. पिट असेल तर सोपं जातं. मिस्त्री कंटाळा करतो, कारण जॅकवर हात पोचतो आणि जमिनीवर पोचत नाही. मी आता शेजारी उभा राहतो. चहा सांगतो, पण हलत नाही. पीयूला हा त्रास नाही, कारण तो पिळतच नाही (प्रश्न ५).

१४. गंज नको म्हणून सगळे बोल्ट स्टेनलेसचे करून घेतले, स्प्रिंग क्रोम करायची आहे. चालेल?

दिसायला छान, पण दोन्ही चुका. ८.८ ग्रेडचा हाय टेन्साइल बोल्ट ६४० मेगापास्कल ताणाला कायमचा ताणला जायला लागतो, नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ४५० लाच. नंबरप्लेटला स्टेनलेस लावा, आर्मला नको. क्रोमचं दुखणं आणखी आतलं आहे: मुलाम्याच्या ॲसिडातून आणि विजेच्या प्रक्रियेतून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. स्प्रिंग साफ करून एपॉक्सी प्रायमर आणि काळा रंग द्या. दर पावसाळ्यानंतर उडालेले टवके भरा.

१५. स्टँडर्ड हेराल्डच्या पुढच्या ट्रनियनला (चाकाच्या खालच्या सांध्याला) ग्रीस मारतो, तरी मद्रासचे जुने मालक ओरडतात. का?

कारण ते बरोबर आहेत. हेराल्डचा उभा लिंक खालच्या पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो. तिथे ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं, ग्रीस नव्हे. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी पोचतं. आटे गंजतात आणि एक दिवस लिंक तुटून पुढचं चाक आडवं होतं. नवा ट्रनियन घालताना लिंकचे आटेही तपासा. गंजलेल्या लिंकवर नवं पितळ बसवणं म्हणजे आजार तसाच ठेवून बँडेज बदलणं. मागच्या आडव्या पाट्याला कडक करण्याच्या भानगडीत पडू नका. त्या स्विंग ॲक्सलला वळणात ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय काढला की चाक आत दुमडायची खोड आहेच.

१६. दुसऱ्या गाडीचे शॉकअप बसतात असं मिस्त्री म्हणतो. जुगाड करू का?

‘बसतात’ म्हणजे भोकं जुळतात. तुम्ही दोन मापं घ्या: पूर्ण उघडल्यावरची लांबी आणि पूर्ण दाबल्यावरची. दाबलेली लांबी मूळच्यापेक्षा जास्त असेल तर खड्ड्यात रबरी बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला आपटेल. उघडी लांबी कमी असेल तर चाक लोंबताना शॉकअपच साखळीसारखं काम करेल आणि त्याचा डोळा (बोल्ट बसतो ते कडं) उपटेल. मॉरिस मायनर किंवा एमजीबीवाल्यांनी तर विशेष जपा: तिथे पुढच्या लिव्हर शॉकअपचा हात हाच वरचा आर्म आहे. तो नुसता काढून नळीचा शॉकअप लावता येत नाही. लिव्हर शॉकअप दुरुस्त होतात. त्यात शॉकअपचंच तेल घाला, इंजिन ऑइल नको.

१७. रेडियल टायर घातले, आता सस्पेंशन बदलायलाच हवं?

बदलायला नको, तपासायला हवं. पद्मिनीचे मूळचे ५.२०-१४ आणि अँबेसेडरचे ५.९०-१५ हे क्रॉस-प्लाय, म्हणजे जुन्या पद्धतीचे. रेडियल वळणात जास्त पकडतो, तो ताण किंग पिनवर आणि आर्मवर येतो. जी ढील आधी कळत नव्हती ती कळायला लागते. अलाइनमेंटच्या लेझर यंत्रात पद्मिनी सापडणार नाही. मॅन्युअलचं पान फोनमध्ये ठेवा आणि टो-इनचा (पुढची चाकं आत किती वळलेली हवीत त्याचा) आकडा त्यांना हाताने टाकायला सांगा.

१८. आरटीओ किंवा विमा कंपनी अडवेल का?

जुन्याच्या जागी तशाच मापाचा पार्ट ही दुरुस्ती आहे. नोंदणीपुस्तकातली किंवा निर्मात्याची मूळ माहिती बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो मुद्दा अधिकच घट्ट केला. उंची, चाकाचं माप बदलणारं काही केलं असेल तर विमा कंपनीला आधी कळवा.

गाडी पन्नास वर्षांवरची असेल आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर चेसिस, बॉडी किंवा इंजिन मूळ रूपातून फारसं बदललेलं चालत नाही. पहिल्या नोंदणीचे २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,०००, मुदत दहा वर्षं. पण व्हिंटेज नंबरची ‘व्हीए’ची पाटी लागली की ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. रोज चालवणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा, सस्पेंशनचा नंतर.

१९. काढलेले जुने पार्ट भंगारात देऊ?

रबर द्या. लोखंड ठेवा. आर्मचा पिन, शॅकल, किंग पिन यांचा झिजलेला नमुनासुद्धा लेथवाल्याला माप घ्यायला पुरतो, कारण पिनच्या टोकाचा न झिजलेला भाग मूळ मापाचा असतो. प्रत्येकाला तेल लावून वेगळ्या पिशवीत घाला, वर गाडी, बाजू आणि तारीख लिहा. माझ्या पलंगाखाली अशा अकरा पिशव्या आहेत. घरचे ओरडतात. गेल्या मे महिन्यात त्यातल्याच एका पिनवरून गिरगावातल्या एका काकांच्या गाडीचा पिन बनला.